नवं सुचवणाऱ्याची किंमत कोण मोजतो?

वसई पूर्वेला गोलानी नाक्यापासून वालीव, सातिवली, गोखिवऱ्यापर्यंत कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिरा. प्लास्टिकचे डबे, बाटल्यांची झाकणं, पुठ्ठ्याची खोकी, स्टीलची भांडी, वायरी, नट-बोल्ट असं काय काय या गाळ्यांतून रोज टेम्पोत चढतं. मी ज्या दोन गाळ्यांत काम केलं, त्या दोन्हींच्या ऑफिसात एक फ्रेम होती. पेटलेल्या बल्बचं चित्र, वर ठळक अक्षरांत ‘इनोव्हेशन’, खाली इंग्रजी सुविचार. फ्रेमशेजारी सूचनापेटी. पेटीला कुलूप. किल्ली कोणाकडे असते, असं विचारलं की ऑफिसातली तीन माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची.

डिप्लोमा झाल्यावर सहा वर्षं मी या गाळ्यांत क्वालिटीला होतो. आता विरारहून लोकल पकडून अंधेरीच्या एका ऑफिसात जातो. तिथे पेटी नाही, आख्खी भिंत आहे. रंगीबेरंगी चिठ्ठ्या चिकटवायच्या, दर तिमाहीला त्यांचा फोटो काढून लिंक्डइनवर टाकायचा आणि नवीन तिमाहीसाठी भिंत मोकळी करायची. गाळ्यात पेटी उघडत नव्हती, इथे भिंत पुसली जाते. फरक असलाच तर एसीचा.

‘संस्थेत इनोव्हेशनची संस्कृती रुजवा’ हे वाक्य आता कीर्तनातल्या गजरासारखं झालंय. सगळे म्हणतात, टाळही वाजवतात. माझं म्हणणं साधं आहे. आपल्या कारखान्यांत आणि ऑफिसांत कल्पनांचा दुष्काळ नाही. कल्पना बोलून दाखवणं महाग आहे. ती किंमत पगाराच्या उतरंडीत सर्वात खाली असलेला माणूस मोजतो आणि नफा सर्वात वरचा घेतो. हा हिशेब उलटा केल्याशिवाय तुम्ही भिंतीला कुठलाही रंग द्या, तिच्यावर नवं काही उगवणार नाही.

टाकीवरची ताडपत्री

आमच्याकडे इंजेक्शन मोल्डिंगची मशिनं होती. वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरतं, साच्याभोवती थंड पाणी फिरतं, झाकण घट्ट होतं आणि बाहेर पडतं. उन्हाळ्यात दुपारच्या शिफ्टला झाकणं वाकडी निघायची. सकाळी ठीक, रात्री ठीक, दुपारी रिजेक्शन. ऑफिसात यावर मीटिंगा झाल्या. कच्चा माल बदलून पाहिला, मशिनचं प्रेशर बदलून पाहिलं, ऑपरेटर बदलून पाहिला.

जौनपूरकडचे एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, की पाण्याची टाकी गच्चीवर भर उन्हात आहे, दुपारी पाणीच गरम येतं, मग झाकण थंड कसं होणार? टाकीवर सावली करा. उत्तर मिळालं, “तेरेको मशीन चलाने का पैसा मिलता है, दिमाग चलाने का नहीं.”

हे वाक्य मी पुढे अंधेरीतही ऐकलं. तिथे ते इंग्रजीत आणि हसतमुखाने सांगतात, एवढंच.

चाचांनी एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, भंगारातली ताडपत्री आणि गोणपाटं घेऊन टाकी झाकली. दुपारचं रिजेक्शन उतरलं. आता खरी गंमत ऐका. झाकणं चांगली निघायला लागली हे पाहून ऑफिसने दुपारच्या शिफ्टचं टार्गेट वाढवलं. चाचांना ना बक्षीस, ना पगारवाढ. मिळालं ते जास्तीचं काम, तेही त्यांच्याबरोबर त्या शिफ्टच्या सगळ्यांना. पॅकिंगच्या ताई त्यांना म्हणाल्या, “चाचा, अजून काही सुचलं तर घरीच ठेवा.”

चाचांनी ते घरीच ठेवलं. त्यांना पुढेही बरंच काही दिसत असणार, कारण दिवसाचे बारा तास ते त्या मशिनसमोर असायचे. पण नंतर त्यांच्या तोंडून एक सूचना आली नाही. मॅनेजमेंटच्या भाषेत त्यांना ‘चेंजला रेझिस्टन्स’ म्हणतात. मी त्याला अक्कल म्हणतो. ज्या शहाणपणाचं फळ म्हणून टार्गेट वाढतं, ते शहाणपण लपवून ठेवणं हाच शहाणपणा.

ठेकेदाराच्या मार्फत आलेल्या पोरांचं गणित तर आणखी सरळ आहे. ज्याला सहा-आठ महिन्यांनी इथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने दोन माणसांचं काम एका माणसात कसं होईल हे का सांगावं? त्या दोघांतला एक तो स्वतः असतो.

डावललेला मास्तर

हे काही आजचं नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्कर शिकवत होते. बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं. ते नोकरी सोडून बेळगावला गेले, भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. आजच्या कुठल्याही कंपनीत दुसऱ्या तिमाहीलाच हा प्रोजेक्ट बंद झाला असता आणि लक्ष्मणरावांच्या अप्रेझलमध्ये लाल शेरा पडला असता.

१९१० साली औंध संस्थानच्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथल्या पहिल्या माणसांची यादी वाचण्यासारखी आहे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनीअर म्हणून नावारूपाला आले. दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेल्यांना तिथे रखवालदार म्हणून विश्वासाने नेमलं गेलं. ‘तुझी डिग्री काय’ याआधी ‘तुला काय जमतं’ हे विचारलं गेलं, म्हणून हे घडलं. मुंबईच्या संस्थेत जो माणूस बढतीच्या लायक ठरला नाही, त्याने माळावर कारखाना आणि गाव दोन्ही वसवलं. माणूस तोच होता, अवतीभवतीचे नियम बदलले होते.

किर्लोस्करवाडी म्हणजे स्वर्ग होता असा माझा दावा नाही. मालक तिथेही मालकच होता. पण ज्याच्या हाताला काम कळतं त्याच्या डोक्यालाही ते कळतं, हे तिथे शंभर वर्षांपूर्वी मान्य होतं. आमच्या गाळ्यात ते मान्य नव्हतं.

वसईचा वाफा

यासाठी लांब कुंडलला जायचीही गरज नाही. वसई स्टेशनच्या पश्चिमेला या. वाघोली, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी. बिल्डरांच्या तावडीतून अजून जे वाचलंय, त्यात केळी, फुलं, भाजी, पानवेली आहेत. शेतांच्या कडेला बावखलं आहेत. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरींना गोडं पाणी राहतं. राजेळी केळी उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करायची रीतही इथलीच. नासणाऱ्या फळाला महिनोन्‌महिने टिकवणारी ही युक्ती कुठल्याही फूड स्टार्टअपच्या तोंडात मारेल अशी आहे.

या वाडीवाल्यांना कोणी इनोव्हेशनची कार्यशाळा दिली नव्हती. मग नवं सुचलं कसं आणि टिकलं कसं? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, करून पाहायला कोणाची परवानगी लागत नव्हती. दुसरं, नवं बियाणं आधी एका वाफ्यात लावायचं. फसलं तर एक वाफा गेला, वाडी शाबूत. तिसरं, जमलं तर फायदा ज्याने घाम गाळला त्याच्याच घरात यायचा. परवानगी, छोटं नुकसान आणि फायद्यात वाटा. इनोव्हेशनच्या जाडजूड पुस्तकांमधून पाणी काढून टाकलंत तर तळाशी बहुतेक एवढंच उरेल.

आता स्टेशनचा पूल ओलांडून पुन्हा पूर्वेला या. चाचांना परवानगी नव्हती. फसलं असतं तर ताडपत्रीमुळे टाकीत कचरा गेला म्हणून त्यांचा पगार कापला गेला असता. आणि जमलं तेव्हा फायदा दुसऱ्याच्या खिशात गेला. एकाच गावच्या पश्चिमेला जे घडतं ते पूर्वेला घडत नाही, याला माणसांचा स्वभाव जबाबदार कसा?

‘आमच्याकडे जुगाड आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, आपल्या लोकांच्या रक्तातच जुगाड आहे, आपल्याला वेगळी संस्कृती कशाला हवी? या कौतुकाचा मला मनस्वी राग आहे.

गाळ्यातला जुगाड म्हणजे काय ते जवळून बघा. मशिनचं दार उघडं असताना ते चालू नये म्हणून सेन्सर असतो. दार दर वेळी बंद करण्यात सेकंद जातात आणि टार्गेट तर वाढलेलं असतं. मग सेन्सरला फसवायची काहीतरी युक्ती निघते. मशिन दार उघडं ठेवून धावायला लागतं. उत्पादन वाढतं, शेठ खुश. आणि एक दिवस कोणाचं तरी बोट जातं. तेव्हा पंचनाम्यात लिहिलं जातं, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’.

जुगाड ही बहुतेक वेळा नाइलाजाची हुशारी असते. साधनं नाहीत, वेळ नाही, विचारायची सोय नाही, मग माणूस स्वतःचं शरीर पणाला लावून मार्ग काढतो. तिचं कौतुक करणारे तिचा धोका कधी वाटून घेत नाहीत. इनोव्हेशन याच्या उलट हवं. हुशारी कामगाराची असू दे, पण धोका संस्थेने घ्यावा.

टोयोटाच्या कारखान्यात कुठल्याही कामगाराला काही बिघडलेलं दिसलं, तर दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा असते. या दोरीचं आपल्याकडे फार गुणगान होतं, मॅनेजमेंटच्या वर्गांत स्लाइडी दाखवतात. पण त्या दोरीत जादू नाही. ती ओढल्यावर सुपरवायझर शिवी न घालता ‘काय झालं?’ विचारायला येतो, जादू त्यात आहे. आमच्या गाळ्यात तशी दोरी बांधली असती तर महिन्याभरात तिच्यावर फडकी वाळत घातलेली दिसली असती.

शेठचीही बाजू आहे

मला ठाऊक आहे, हे वाचून एखादा लघुउद्योजक वैतागेल. तो म्हणेल, पोरा, तुला गाळ्याचं भाडं भरावं लागत नाही. मोठी कंपनी दर वर्षी भाव पाडून मागते. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, पण मोठ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवायला गेलो तर पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. मी प्रयोग कशाच्या जिवावर करू?

हे खरं आहे. चाचा सुपरवायझरला घाबरतात, सुपरवायझर शेठला, शेठ मोठ्या गिऱ्हाइकाच्या परचेस मॅनेजरला. आणि तो परचेस मॅनेजर ज्या इमारतीत बसतो, तिच्या लॉबीत ‘इनोव्हेशन’ची सर्वात मोठी फ्रेम असते! जी कंपनी आपल्या पुरवठादाराला श्वास घेऊ देत नाही, तिने नावीन्याच्या गप्पा माराव्यात हा निर्लज्जपणा आहे.

पण शेठच्या म्हणण्यातून एक गोष्ट निघत नाही. ताडपत्रीला पैसे लागले नव्हते. ऐकून घ्यायला भांडवल लागत नाही. टार्गेट लगेच न वाढवण्याला फक्त थोडा संयम लागतो. उलट ज्याच्याकडे पैसा कमी, त्याने तर माणसांच्या डोक्यातला फुकटचा माल आधी वापरायला हवा. गरिबीचं कारण सांगून आपण जे वाचवतो, तो पैसा नसतो. ते मालकाचं नाक असतं.

साडेसहाचं ब्रेनस्टॉर्मिंग

एसी ऑफिसवाल्यांनी एवढ्यात खुश होऊ नये. आमच्याकडे ब्रेनस्टॉर्मिंग संध्याकाळी साडेसहाला ठेवतात, कारण दिवसभर ‘खरं काम’ असतं. त्या खोलीत विरार, नालासोपारा, वसईचे जे असतात, त्यांच्या डोक्यात त्या वेळी एकच विचार चालू असतो, की कुठली विरार फास्ट सुटली आणि पुढची मिळेल का. पहाटे उठलेल्या, डब्यात दाराशी लटकून आलेल्या आणि तसंच परत जायचं असलेल्या माणसाकडून तुम्ही संध्याकाळी कल्पकता मागता. कल्पकता हवी असेल तर तिला दिवसातली चांगली वेळ द्या. उरलेल्या वेळात उरलेलंच सुचतं.

आणि सुचलं तरी काय? तुमच्या हातातल्या फोनमध्ये जो कॅमेरा आहे, त्याचा पूर्वज १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन नावाच्या पंचविशीतल्या इंजिनीअरने बनवला. फिल्म विकून श्रीमंत झालेल्या कंपनीला फिल्म न लागणाऱ्या कॅमेऱ्याचं काय कौतुक असणार? वरिष्ठांनी तो पाहिला, पण त्यात जीव ओतला नाही. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी बुडायला इतरही कारणं होती. पण तिच्याकडे कल्पना नव्हती असं कोणी म्हणू शकत नाही. कल्पना घरात होती, नोकरीला होती, दर महिन्याला पगार घेत होती.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असा त्यांचा अंदाज होता. निघालं उलटंच. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. विचार केल्यावर उलगडा झाला, की तिथे चूक झाल्यावर ती बोलून दाखवता येत होती, बाकी ठिकाणी ती दाबली जात होती. आपल्याकडच्या ज्या ऑफिसांत ‘आमच्याकडे सगळं उत्तम चाललंय’ असं ऐकू येतं, तिथे मला आता पहिली शंका हीच येते, की इथे कोणी कोणाला किती घाबरतं?

मग करायचं काय?

मला सुविचार नकोत, नियम हवेत. सुविचार शेठचा मूड बदलला की बदलतात, नियम लिहिला की निदान त्यावरून भांडता तरी येतं.

सूचना आली की आठ दिवसांत उत्तर द्यायचं. ‘नाही’ चालेल, पण कारणासकट. कारण न देता दिलेला नकार माणसाला एकच धडा शिकवतो, की पुन्हा तोंड उघडू नकोस.

प्रत्येक शिफ्टला एक वाफा द्यायचा. एक मशीन, आठवड्यातले दोन तास, ठरलेला थोडा माल. त्या वेळात जो माल वाया जाईल त्याचा जाब कोणी विचारणार नाही. वाफ्यात मात्र सुरक्षेशी खेळ नाही. सेन्सर काढायचा प्रयोग हा प्रयोग नव्हे.

कामगाराच्या युक्तीमुळे उत्पादन वाढलं तर सहा महिने टार्गेट वाढवायचं नाही, त्यामुळे कोणाला काढायचं नाही आणि वाचलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा त्या शिफ्टला द्यायचा. ठेकेदाराच्या मुलांनाही, कारण मशिनला कोण कायम आणि कोण कंत्राटी हे कळत नाही.

आणि नाव. ज्याचं सुचलं त्याचं नाव त्या बदलावर राहिलं पाहिजे. गिऱ्हाइकासमोर प्रेझेंटेशन मॅनेजर करत असेल, तरी पहिल्या स्लाइडवर नाव ऑपरेटरचं. कंपन्या शेअर देताना हात आखडतात हे समजू शकतो. नाव द्यायलाही आखडतात, त्याला काय म्हणावं?

यातला एकही नियम महाग नाही. तरी तो लागू करायला विरोध होईल, कारण प्रत्येक नियमातून वरच्या माणसाचा थोडा थोडा अधिकार खाली येतो. इनोव्हेशनच्या संस्कृतीबद्दल बोलताना सगळे हीच गोष्ट टाळतात. विषय कल्पनांचा नाहीच, अधिकाराचा आहे. बल्बची फ्रेम लावली की तो प्रश्न झाकला जातो, म्हणून ती इतकी खपते.

तुम्ही हे बहुधा ट्रेनमध्ये, एका हाताने दांडा धरून, फोनवर वाचत असाल. तुमच्यापैकी काही जण येत्या काही महिन्यांत इंटरव्ह्यू द्याल. समोरचे त्यांच्या ‘कल्चर’बद्दल दहा मिनिटं बोलतील, मग विचारतील, तुमचे काही प्रश्न? तेव्हा सुट्ट्या आणि शिफ्टबरोबर एवढं विचारा, “तुमच्याकडे शेवटचा फसलेला प्रयोग कोणता होता, आणि तो करणारा माणूस आज कुठे आहे?”

उत्तर येईपर्यंत जो वेळ जाईल, त्यावरून त्या कंपनीची संस्कृती तुम्हाला कळेल. फ्रेम बघायची गरज पडणार नाही.